ब्लॉगर आणि ॲडसेन्स: घरी राहून मराठीत लिहिणाऱ्या आईबाबांना कितपत परवडतं?

निकाल आधीच सांगून टाकू. ब्लॉगर ही गुगलची फुकट सेवा मराठी ब्लॉगसाठी आजही चांगली आहे, पाचपैकी चार गुण. त्याला जोडून मिळणारं ॲडसेन्स, म्हणजे जाहिरातींचं उत्पन्न, मराठीत दोन गुणांच्या वर जात नाही. लेकरू सांभाळून दिवसाकाठी तासभर लिहिणाऱ्याने ब्लॉगर घ्यावं, पण घरखर्चाचा हिशोब ॲडसेन्सवर बांधू नये. बहुतेक जण इथेच चुकतात. जाहिराती सुरू होईपर्यंत जीव तोडून लिहितात आणि पहिला आकडा बघून सोडून देतात.

ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये गुगलने विकत घेतलं. होस्टिंगचा, म्हणजे ब्लॉग इंटरनेटवर ठेवायच्या जागेचा खर्च शून्य, तिच्या वार्षिक नूतनीकरणाची कटकट नाही, हॅकिंगची धास्ती नाही. बाळ उठलं म्हणून अर्धवट सोडलेला लेख मसुदा म्हणून आपोआप साठतो, आणि रविवारी लिहून ठेवलेले तीन लेख आठवडाभरात कधी कधी प्रसिद्ध व्हायचे ती वेळ लावून ठेवता येते. ब्लॉगरसारख्याच वर्डप्रेस डॉट कॉम या सेवेच्या फुकट खात्यात ॲडसेन्स लावता येत नाही. स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस कितीतरी लवचीक असलं तरी दरवर्षी काही हजार रुपये आणि प्लगिन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, अद्ययावत ठेवण्याचा व्याप गळ्यात पडतो. कमाई सुरू होण्याआधी तो व्याप घेण्यात अर्थ नाही.

मराठीपुरती ब्लॉगरची सर्वांत मोठी खोड लेखाच्या पत्त्यात आहे. शीर्षक देवनागरीत असेल तर ब्लॉगर त्यातून पत्ता बनवू शकत नाही. 'सहा महिन्यांच्या बाळाचा आहार' असं शीर्षक दिलं तरी पत्त्याच्या शेवटी नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा येतो. पन्नास लेख झाले की पन्नासही पत्ते सारखेच दिसतात. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तर आत काय आहे याचा पत्ता नाही, आणि शोधयंत्रालाही काही संकेत मिळत नाही. यावर उपाय सोपा आहे, पण प्रसिद्ध करायच्या आधीच करावा लागतो. लेख लिहायच्या खिडकीच्या उजव्या पट्टीत पर्मालिंक, म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता, उघडायचं, 'कस्टम' निवडायचं आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द मधे आडवी रेघ देऊन टाकायचे. लेख एकदा प्रसिद्ध झाला की पत्ता गोठतो. मग तो बदलायचा तर लेख परत मसुद्यात न्यायचा, नवा पत्ता द्यायचा आणि सेटिंग्जमधल्या 'कस्टम रिडायरेक्ट'मध्ये जुना पत्ता नव्याकडे वळवायचा. एका लेखासाठी ठीक आहे, पन्नाससाठी कुणी करत नाही.

दुसरी खोड अक्षरांची. ब्लॉगरच्या तयार थीममधले, म्हणजे मांडणीच्या साच्यांमधले, फॉन्ट रोमनसाठी निवडलेले असतात, त्यामुळे देवनागरी अक्षरं मोबाइलमध्ये जो फॉन्ट असेल त्यात उमटतात, बऱ्याचदा बारीक आणि वेलांट्या वरच्या ओळीला चिकटलेल्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट फॉन्ट चालतात. आकार १८ पिक्सेल आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवलं की वाचायला सुख वाटतं. दोन्ही बाजूंनी समास जुळवायचा मोह मात्र टाळा. मराठी शब्द लांब असतात, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमधे भगदाडं पडतात. फॉन्टची ओळ थीमच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे तिच्या कोडमध्ये, घालताना 'संदर्भ अर्धविरामाने संपला पाहिजे' अशा अर्थाची इंग्रजी चूक दिसली तर घाबरू नका. थीमची फाइल एक्सएमएल या खुणांबाबत काटेकोर असलेल्या प्रकारची असते, त्यामुळे फॉन्टच्या पत्त्यातलं 'अँड'चं चिन्ह तिथे तसंच चालत नाही; त्याच्या जागी त्याचा पूर्ण कोड, म्हणजे चिन्ह, ए-एम-पी आणि अर्धविराम, लिहावा लागतो.

स्वतःचा डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घ्यावा का? घ्यावा, आणि पहिल्याच महिन्यात. नंतर बदलला की गुगलमधली जागा पुन्हा बसायला वेळ लागतो. डॉट इन साधारण पाचशे ते हजार रुपयांत वर्षभरासाठी मिळतो. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी बघा. जोडणी अशी: डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे पत्ता कुठे वळतो ते ठरतं तिथे, दोन सी-नेम नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या) करायच्या. पहिली 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची, ती 'जीएचएस डॉट गुगल डॉट कॉम'कडे वळते. दुसरी ब्लॉगर देतं ती, प्रत्येक ब्लॉगची वेगळी. शिवाय 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नसलेल्या नुसत्या डोमेनसाठी चार 'ए' नोंदी (नाव थेट आकडी पत्त्याकडे नेणाऱ्या): २१६.२३९.३२.२१, आणि तिसरा आकडा ३४, ३६, ३८ असा बदलत उरलेल्या तीन. मग एखादा दिवस थांबायचं आणि सेटिंग्जमध्ये एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सुरू करायचं. गोंधळ होतो तो बहुधा डोमेन विकणाऱ्याने आधीपासून घालून ठेवलेल्या 'पार्किंग'च्या, म्हणजे तात्पुरतं पान दाखवणाऱ्या, नोंदीमुळे. ती पुसल्याशिवाय ब्लॉग कधी दिसतो, कधी नाही.

आता पैशाकडे. ॲडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये आणि मराठीला २०१८ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे अर्ज मराठी ब्लॉगवरून करता येतो. अमुक इतके लेख हवेत असा अधिकृत आकडा नाही. नाकारताना 'कमी मोलाचा मजकूर' हे कारण सर्रास येतं आणि त्यामागे बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: दोनशे-तीनशे शब्दांचे तुटपुंजे लेख, दुसरीकडून उचललेला मजकूर किंवा फोटो, आणि रिकामे विभाग. संपर्क, ओळख आणि गोपनीयता धोरण ही पानं हवीतच; गोपनीयता धोरण तर ॲडसेन्सच्या अटींतच आहे.

उत्पन्नाचं गणित घालून बघा. दर हजार पानांमागे ४० रुपये सुटले असं उदाहरणापुरतं धरू. महिन्याला १०,००० पानं वाचली गेली तर ४०० रुपये. ॲडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ८,५०० रुपये साठायला पावणेदोन वर्षांच्या वर लागतात. इंग्रजी वाचकाला दाखवलेल्या जाहिरातीला जास्त भाव मिळतो, मराठीला कमी. यात लेखणीचा दोष नाही, जाहिरातदारांच्या बोलीचा आहे.

पैसे हातात येण्याच्या वाटेवरही खड्डे आहेत. १० डॉलर झाले की गुगल पत्त्याच्या खातरजमेसाठी टपालाने पिन, म्हणजे ॲडसेन्स खात्यात भरायचा गुप्त आकडा, पाठवतं. साधं टपाल, रजिस्टर नाही. चाळीत, वाडीवर किंवा पत्रपेट्या तुटलेल्या सोसायटीत ते कार्ड हमखास हरवतं. पत्त्यात जवळची खूण लिहा आणि पोस्टमनच्या कानावर घालून ठेवा. पहिला पिन तयार झाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. वारंवार मागवूनही आला नाही तर ओळखपत्र देऊन काम होतं.

नावाची अडचण विशेषतः आयांना येते. ॲडसेन्स खातं माहेरच्या नावाने, बँक खातं सासरच्या, असं असेल तर पैसे अडकतात. अर्ज करतानाच बँकेच्या पासबुकावरचं नाव जसंच्या तसं द्या. पैसे वायर ट्रान्सफरने येतात, त्यासाठी स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारासाठीची बँकेची ओळखखूण, लागतो. पतसंस्थेच्या खात्यावर ते जमत नाही. गावातल्या शाखेला स्वतःचा कोड नसेल तर परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा कोड मिळतो. बँकेने 'पैसे कशाचे' असं विचारलं तर जाहिरात सेवेसाठी रिझर्व्ह बँकेचा पी १००७ हा कोड आहे. पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखांदरम्यान निघतात आणि बँक आपली वर्तणावळ कापून घेते.

खातं कायमचं जाण्याचं एक घरगुती कारण आहे: कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली 'जरा जाहिरातीवर क्लिक करा' ही विनंती. मावशी, आत्या, नणंदा प्रेमाने दहा-दहा क्लिक करतात, गुगलला ते बनावट वाटतात आणि खातं बंद होतं. दाद मागता येते, पण यश क्वचित. जाहिरातींची मांडणी 'ऑटो'वर सोडली असेल तर निदान पूर्ण पडदा व्यापणाऱ्या जाहिराती बंद करा, आणि पालकांच्या ब्लॉगवर न शोभणारे विभाग, डेटिंग आणि झटपट वजन घटवण्याचे, रोखून ठेवा. त्याने उत्पन्नात फार फरक पडत नाही, वाचक मात्र टिकतो.

मग पैसा येतो कुठून? मराठी पालक-ब्लॉगला खरा आधार मिळतो तो ब्लॉग दाखवून मिळालेल्या लेखनकामातून: शाळेचं माहितीपत्रक, दुकानाच्या उत्पादनांची वर्णनं, भाषांतर, एखाद्या कंपनीचा मराठी मजकूर. त्यासाठी 'माझ्याशी काम करा' असं एक पान, त्यावर तीन उत्तम लेखांच्या लिंका आणि शब्दामागचा दर एवढं पुरतं. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या ते आधी लिहून द्या.

विषय निवडताना वाचकाचा हंगाम बघा. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांची कागदपत्रं, शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव, पावसाळ्यातला डबा, हे दरवर्षी शोधलं जातं आणि जुनं झालं की दुरुस्त करून पुन्हा चालतं. बाळांच्या नावांच्या याद्या आता फारशा कामाच्या नाहीत, तेवढं उत्तर शोधाच्या पानावरच मिळतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ करून चढवणारेही बरेच. तो स्वामित्वहक्काचा भंग आहे, आणि बालभारती ती स्वतःच फुकट देते. 'घरगुती उपाय' लिहिताना तर दहादा विचार करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवा असं अजूनही कित्येक मराठी पानांवर दिसतं. त्यातून बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, म्हणून डॉक्टर मनाई करतात. औषधाचं प्रमाण ब्लॉगवर देऊच नये.

ॲमेझॉनच्या संलग्न विक्रीचा, म्हणजे वस्तूची लिंक देऊन कमिशन मिळवण्याचा, मार्ग बरा आहे, पण सैल नाही. अर्जानंतर १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद. लिंक दाबल्यावर २४ तासांत वाचकाने वस्तू टोपलीत टाकली किंवा घेतली तरच कमिशन. स्वतःची खरेदी धरत नाहीत. आणि इथे पालक-ब्लॉगसाठी एक कायदेशीर खड्डा आहे, ज्याची बहुतेकांना खबरच नसते: १९९२ चा शिशुदुग्धपर्याय कायदा, २००३ मध्ये सुधारलेला. त्यानुसार फॉर्म्युला दूध, दुधाची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं तयार अन्न यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. 'बाळासाठी सर्वोत्तम ५ बाटल्या' असा कमिशनच्या लिंकांचा लेख लिहूच नका. डायपर, झबली, खेळणी, गोष्टींची पुस्तकं यांना अडचण नाही.

कंपनीने वस्तू फुकट पाठवली तर लेखाच्या सुरुवातीलाच, मराठीतच, 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' असं ठळक लिहावं लागतं. ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांत खुलासा लेखाच्याच भाषेत हवा असं म्हटलं आहे. तळाशी इंग्रजीत बारीक अक्षरांत टाकून भागत नाही. एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांवर किमतीच्या वस्तू ठेवून घेतल्या तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस आहे. वस्तू परत केली तर तो लागत नाही. ॲडसेन्सचं उत्पन्नही विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

लेख साठले की ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक करण्याचा विचार येतो, आणि मराठीला तिथे मान्यता आहे. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत नाव घालावं लागतं, आणि त्यात ९० दिवसांच्या मुदतीत तोच मजकूर दुसरीकडे डिजिटल रूपात ठेवता येत नाही. म्हणजे ते लेख ब्लॉगवरून उतरवा, नाहीतर ३५ टक्क्यांवर समाधान माना. ज्या लेखांना गुगलवरून रोज वाचक येतात ते उतरवणं तोट्याचं आहे. पुस्तकासाठी नवं लिहावं.

ब्लॉगरचा एक गुण कापला तो थांबलेल्या वाढीसाठी. ईमेलने वर्गणीदार करून घेण्याची सोय फीडबर्नर या गुगलच्याच सेवेने जुलै २०२१ पासून काढून घेतली आणि तिच्या जागी काही आलं नाही. त्यामुळे वाचक धरून ठेवायला व्हॉट्सॲप चॅनलचा आधार घ्यावा लागतो. बॅकअप मात्र स्वतः घ्यावा: सेटिंग्जमधून महिन्याला एकदा बॅकअपची फाइल उतरवून ठेवा. तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया असतात, फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपा. आणि ब्लॉगला दुसरा प्रशासक म्हणून जोडीदाराचं किंवा भावंडाचं खातं जोडा, म्हणजे फोन पोराने पाण्यात टाकला आणि गुगलचं खातं उघडेना, तरी ब्लॉग हातचा जात नाही.