परीक्षण : रत्नागिरीतील रोबोटिक्सचा शनिवार-वर्ग

माझी मुलगी आठवीत आहे. गेल्या जूनपासून दर शनिवारी ती लांज्याहून रत्नागिरीला एका खासगी रोबोटिक्स वर्गाला जाते आणि तिला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे दहा महिने हा वर्ग मी मागच्या बाकावरून पाहिला आहे. साहित्य काय आहे, असे पालक सर्वांत आधी विचारतात. लेगो कंपनीचे रोबोट जोडायचे संच, म्हणजे चार जुने ईव्ही-थ्री व दोन स्पाइक प्राइम, आणि आठ फूट बाय चार फुटांचे एक प्लायवुडचे टेबल, ज्याचा खिडकीकडचा कोपरा पावसाळ्यात फुगून वर येतो. फी शहराच्या मानाने वाजवी आहे आणि शिकवणे स्वच्छ आहे. मला लिहायचे आहे ते तिथल्या सराव-सामन्यांविषयी, कारण दुसऱ्याच्या कामावर बोलावे कसे आणि स्वतःच्या कामावरचे बोलणे ऐकावे कसे, हे मुलांना इतक्या चिकाटीने शिकवलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

सामने फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स स्पर्धेच्या धर्तीवर होतात. अडीच मिनिटांत रोबोटने टेबलावर अंथरलेल्या मॅटवरची जमतील तितकी मिशन, म्हणजे ठरवून दिलेली कामे, पूर्ण करायची असतात. पण मूळ स्पर्धेत या खेळाला एकूण मूल्यमापनाचा चौथा हिस्साच असतो आणि उरलेले तीन हिस्से नवकल्पनेचा प्रकल्प, रोबोटची रचना व संघाची मूल्ये यांना मिळतात. या स्पर्धेमागची फर्स्ट ही संस्था अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केली आणि तिथे रुजलेला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हा शब्द एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांचा. जिंकण्यासाठी जीव तोडून खेळावे, पण आपल्या आजीला अभिमान वाटेल असे वागावे, असा त्याचा अर्थ ते सांगत. वर्गातले सर हे सगळे भाषांतर टाळून एवढेच म्हणतात, “आजी बघत्ये असं समज.”

प्रत्येक फेरीनंतर मुलांना समोरच्या संघाच्या खेळाविषयी एक कागद भरून त्या संघाला द्यावा लागतो. त्यात तीन रकाने आहेत : काय दिसले, काय विचारायचे आहे, आणि मी काय करून पाहिले असते. ऑगस्टमध्ये एका मुलाने पहिल्याच रकान्यात “कोड बेकार आहे” असे लिहिले होते. सरांनी कागद परत दिला आणि विचारले, “कोड तू पाहिलास का?” त्याने पाहिला नव्हता. मग तो टेबलापाशी बसून त्या संघाच्या आणखी दोन फेऱ्या पाहून आला आणि त्याने लिहिले की तिसऱ्या वळणावर रोबोट दर वेळी डावीकडे जास्त वळतो, तर जायरो (रोबोट किती वळला हे मोजणारा सेन्सर) शून्यावर आणताना रोबोट हलत होता का? तसेच होते, सुरुवातीला एका मुलीचा हात रोबोटवर राहत होता. हात काढून, क्षणभर थांबून जायरो शून्यावर आणल्याबरोबर वळण सुधारले. पुढच्या शनिवारी त्याच संघाने या मुलाच्या संघाला हरवले आणि त्याचा चेहरा पडला, हेही सांगायला हवे. तरी त्याने जाऊन हात मिळवला.

आपल्याकडे कोकणात शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबी गाण्यांच्या, सामन्यात समोरच्याला सवाल टाकून अडवण्याची रीत जुनी आहे आणि त्यात बोचरेपणाला मुळीच बंदी नसते. पण नेमका सवाल टाकायचा तर समोरच्याचे गाणे आधी कान देऊन ऐकावे लागते. तो कागद पाहताना मला हेच आठवत असे.

दुसरा प्रसंग माझ्याच घरचा आहे. मॅटवर रोबोट जिथून निघतो त्या ‘होम’ क्षेत्राबाहेर त्याला हात लावून थांबवले की पंच संघाच्या टोकनांतले एक काढून घेतात आणि चारांवरून तीन टोकन उरली की ३५ ऐवजी २५ गुण मिळतात. डिसेंबरच्या सामन्यात माझ्या मुलीचा हात लागला आणि पंचांची नजर दुसरीकडे होती. गुणपत्रिकेवर दोन्ही बाजूंची संमती घेताना तिने स्वतःहून सांगितले, आणि त्या दहा गुणांनीच त्यांचा संघ मागे पडला. ‘कशाला बोललीस?’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. परतीच्या एसटीत हातखंब्यापर्यंत मी गप्प होतो. ती मात्र रोबोट मुळात अडकला का, याचाच विचार करत होती.

आता तक्रार. मार्चमध्ये बाहेरच्या शाळांना बोलावून खुला सामना झाला, तेव्हा पालकांना टेबलाला खेटून उभे राहू दिले होते. शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये (सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळेत) तयारी करून आलेल्या एका संघाची जोडणी फार सफाईदार होती, तर आमच्यातल्याच एका पालकांनी मोठ्याने शेरा मारला की हे पोरांचे काम नाही, सरांचे आहे. ती मुले गोंधळली, त्यांची पुढची फेरी बिघडली, आणि आयोजकांपैकी कोणीही त्या पालकांना तिथल्या तिथे हटकले नाही. नंतर त्या शाळेच्या शिक्षकांची खासगीत माफी मागितली गेली, असे मला कळले. शेरा मात्र चारचौघांत मारलेला होता. मुलांना तीन रकाने भरायला लावणाऱ्या वर्गाने एवढी ढिलाई दाखवायला नको होती. शिवाय ते भरलेले कागद महिनाअखेर रद्दीत जातात, याचेही मला वाईट वाटते.

ज्यांना बक्षिसांची भिंत हवी आहे त्यांनी दुसरीकडे पाहावे. माझ्या मुलीचे नाव मी जूनच्या तुकडीत पुन्हा घातले आहे आणि अर्जासोबत दोन गोष्टी लेखी कळवल्या आहेत : पालकांच्या खुर्च्या टेबलापासून दहा फुटांवर मांडाव्यात, आणि पावसाआधी तो कोपरा सुताराला दाखवावा.