सारंगखेड्याची धूळ आणि दोन कॅमेरे

लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घ्यावा की न बदलणाऱ्या लेन्सचा छोटा? रोजच्या फोटोंसाठी माझा कौल छोट्याला. रिकोचा जीआर थ्री बॅटरी-कार्डासकट जेमतेम 257 ग्रॅम, खिशात मावतो. जळगावच्या बाजारात भरताची वांगी चाचपणारी आजी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मोठा कॅमेरा काढला की आधी पदर सावरते, मग विचारते, "पेपरात येईल का रे भाऊ?" संपला फोटो.

लेन्स बदलता येणाऱ्याची गरज दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कळते. लांबचा उधळलेला घोडा जीआरच्या 28 मिमीच्या रुंद नजरेत उंदराएवढा दिसतो. तिथं लांबचं जवळ आणणारी 70-200 मिमीची लेन्स हवीच. पण तापीकाठच्या त्या फुफाट्यात लेन्स बदलायची? मी एकदा बदलली. घरी येऊन पाहतो तर प्रत्येक फोटोत, आभाळात नेमक्या त्याच जागी काळा ठिपका. सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ! (धूळ छोट्यातही शिरते, आणि त्याची लेन्स काढून फुंकर मारायची सोय नाही. तो थेट दुरुस्तीलाच.)

यावलच्या जंगलात पक्षी टिपायचे असतील तर मात्र मोठाच घ्या, आणि लेन्सचे पैसे वेगळे धरा.