द पर्ज: कल्पना जबरदस्त, पण घाबरलेली माणसं अशी वागत नाहीत

शनिवारी मावसभाऊ राहायला आला होता, जेवणं उरकली आणि कितीतरी दिवस बघायचा बघायचा म्हणून राहिलेला द पर्ज एकदाचा लावला. घरात कोणीतरी घुसतं आणि रात्रभर सुटका नाही, अशा टाइपचे हॉरर पिक्चर मला भुताच्या पिक्चरपेक्षा जास्त आवडतात, कारण भूत येईल न येईल पण दार वाजवणारा माणूस कधीही येऊ शकतो, ती भीती खरी असते. ट्रेलर मी पूर्वीच पाहिला होता, ते हसरे मुखवटे घालून दारात उभे राहिलेले लोक डोक्यातून गेले नव्हते, त्यामुळे अपेक्षा भरपूर होत्या. पिक्चर सगळा मिळून ८५ मिनिटांचा, तरी मधे दोनदा थांबवून आम्ही वाद घालत बसलो आणि संपल्यावर मला खरंच वाईट वाटलं. इतकी चांगली कल्पना दर वेळी सापडत नाही हो. (पुढे सगळी स्टोरी फोडलेली आहे, बघायचा असेल तर आधी बघून या.)

लिहिलाय जेम्स डीमोनॅकोने, डायरेक्टरही तोच. पिक्चर २०१३ चा, पण गोष्ट घडते २०२२ च्या अमेरिकेत. तिथल्या नव्या सरकारने असं ठरवलंय की वर्षातून एक रात्र, २१ मार्चच्या संध्याकाळी ७ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ पर्यंत, सगळे गुन्हे माफ, खूनसुद्धा. पोलीस येणार नाहीत, अँब्युलन्स येणार नाही. बाकी वर्षभर गुन्हे जवळपास नाहीत आणि बेकारी फक्त १ टक्का. ज्यांच्याकडे पैसा आहे ते घरं लोखंडाने बंद करून आत टीव्ही बघत बसतात आणि ज्यांच्याकडे नाही ते रस्त्यावर मरतात. आता बरेच जण इथेच अडतात, की सगळे गुन्हे माफ आहेत तर लोक बँका का लुटत नाहीत, नुसते खूनच का करत सुटतात वगैरे. प्रश्न बरोबरच आहे पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. एक अशक्य गोष्ट प्रत्येक पिक्चरला माफ असावी, तिच्यावरच तर तो उभा असतो. त्यानंतर माणसं मात्र माणसांसारखी वागली पाहिजेत.

सुरुवात तर इतकी छान आहे. काळंपांढरं सीसीटीव्ही फुटेज, रस्त्यात लोक एकमेकांना मारतायत आणि मागे डेबुसी ह्या फ्रेंच संगीतकाराचा तो शांत पियानो. मग जेम्स सँडिनची फॅमिली येते, म्हणजे ईथन हॉक, बायको मेरी झालेली लीना हेडी, मुलगी झोई आणि धाकटा चार्ली. जेम्स घराच्या सिक्युरिटी सिस्टिम विकतो, ह्या वर्षी त्याचा सेल सगळ्यात जास्त झालाय आणि आजूबाजूच्या बहुतेक घरांत त्यानेच बसवलेली सिस्टिम आहे. संध्याकाळी शेजारीण ग्रेस घरी केलेली बिस्किटं घेऊन येते आणि गोड हसत मेरीला सांगते की लोक म्हणतायत, तुमच्या घराचं हे वाढीव बांधकाम आमच्या पैशातून झालंय. बस, एवढाच सीन. कोणी आवाज चढवत नाही, पण मला तिथेच पोटात कसंतरी झालं. आपल्याकडेही सोसायटीत कोणी नवी गाडी घेतली की लिफ्टमध्ये असंच गोड आवाजात बोलणं होतं ना, ते अगदी तस्सं.

मग सात वाजतात, सायरन होतो, दारंखिडक्यांवर लोखंडी पत्रे खाली येतात. आणि इथून पुढे पिक्चर घसरायला लागतो.

चार्लीला मॉनिटरवर एक जखमी माणूस दिसतो, रस्त्यात वाचवा वाचवा म्हणून ओरडतोय, आणि हा शाळकरी पोरगा कोड दाबून अख्ख्या घराची सिस्टिम उघडतो. पोराने दार उघडलं ह्याचा मला राग नाही आला, उलट त्या घरात दुसऱ्याचा जीव ज्याला महत्त्वाचा वाटतो असा तो एकटाच आहे आणि त्याने तेच केलं पाहिजे होतं. पण कसं, ह्याचा काही विचार? माझा मावसभाऊ सीसीटीव्ही आणि अलार्म बसवायचं काम करतो, दहाबारा वर्षं झाली त्याला. तो उठूनच बसला. म्हणाला, अगं साध्या सोन्याच्या दुकानात बसवतो त्यालासुद्धा मालकाचा कोड वेगळा असतो आणि बाकीच्यांचा वेगळा, रात्रीच्या वेळी उघडायचं तर मालकाचाच लागेल असं सेटिंग करून देतो आम्ही, आणि हा माणूस हेच विकून मोठा झालाय ना? वर्षातून एक रात्र जीव वाचवायची आणि पोराच्या एका कोडवर सगळे पत्रे वर? मला ह्यातलं काही कळत नाही, पण त्याचा चेहरा बघून कळलं की त्याला मनापासून लागलंय. कारण आम्ही बघणारे आत्तापर्यंत जेम्सला त्याच्या कामातला हुशार माणूस समजत होतो आणि पिक्चरनेच तसं सांगितलं होतं.

त्या जखमी माणसाच्या मागावर असलेली टोळी दारात येते, चांगल्या घरची पोरं, कोट घातलेले, मुखवटे लावलेले, आणि त्यांचा म्होरक्या मुखवटा काढून कॅमेऱ्यात बघत अत्यंत नम्रपणे सांगतो की तो माणूस आमच्या हवाली करा, नाहीतर आमचं सामान आलं की आम्ही आत येऊ आणि तुम्हालाही मारू. रीस वेकफील्ड म्हणून नट आहे, त्याने कमाल केलीये. आपलाच एक मित्र मधे उद्धट बोलला म्हणून त्याला तिथल्या तिथे गोळी घालतो आणि परत हसून बोलायला लागतो. मग ते लाइट तोडतात. आणि तेव्हा जेम्स बायकोला कबूल करतो की ही सिस्टिम लोकांना बाहेरून बघून घाबरवण्यापुरती आहे, खरंच कोणी ठरवून आलं तर ती टिकणार नाही.

इथे मी पिक्चर थांबवला होता. कारण माझ्या मते हीच खरी गोष्ट होती! ज्याला माहितीये की आपण विकतोय ते पोकळ आहे, त्याच माणसाने आख्ख्या गल्लीला ते विकलं, त्या पैशात घर वाढवलं आणि आज त्याच पत्र्यामागे त्याची पोरं आहेत. ह्याच्यावर अख्खा पिक्चर उभा राहिला असता. शेजाऱ्यांना ते कळलं असतं तर काय झालं असतं, त्याच रात्री त्यांच्यापैकी कोणाचं दार तुटलं असतं तर? पण नाही, एक वाक्य येतं, जातं, परत विषयच नाही. थोड्या वेळाने ती पोरं साखळ्या अडकवून ट्रकने ओढतात आणि पत्रे निघून येतात. मावसभाऊ म्हणाला की कुठलीही सिस्टिम चोराला अडवत नाही, उशीर करते, आणि तेवढ्या वेळात आतल्या माणसांनी काहीतरी करायचं असतं.

तर आतली माणसं काय करतात? हरवतात. शब्दशः. घरात एक अनोळखी माणूस कुठेतरी लपलाय, बाहेर वीस जण उभे आहेत, लाइट नाही, आणि हे चौघं चार दिशांना टॉर्च घेऊन फिरतायत. झोई एकदा पळून जाते, सापडते, परत नाहीशी होते. चार्ली कुठेय कोणाला माहीत नाही. मेरी एका खोलीत, जेम्स दुसरीकडे. किती वेळ आम्ही नुसते अंधारे पॅसेज बघितले, आणि घर इतकं मोठं की कुठली खोली कशाला लागून आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. अशा पिक्चरमध्ये घराचा नकाशा बघणाऱ्याच्या डोक्यात पक्का पाहिजे, जिना कुठे, मागचं दार कुठे, कारण मग कुठेतरी खट्ट झालं की आपल्याला कळतं, हा आवाज स्वयंपाकघरातून आला, म्हणजे आता तो पोरांपासून दहा पावलांवर आहे. इथे आवाज कुठूनही येतो आणि काहीच वाटत नाही.

मी सात-आठ वर्षांची असेन, मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं आजोळी होतो. रात्री उशिरा कोणीतरी मागच्या दाराची कडी वाजवली, एकदा नाही, थांबून थांबून चार-पाच वेळा. आजोबा तालुक्याला गेले होते, घरात मोठं असं आजी आणि मामीच. आजीने दार उघडलं नाही आणि ओरडलीही नाही. तिने पहिलं काय केलं तर आम्हाला सगळ्यांना उठवून माजघरात आणलं, भिंतीला टेकून बसवलं आणि डोक्यावर हात ठेवत ठेवत मोजलं, मी तिसरी होते. मग कंदील उचलून दारापाशी गेली आणि आतूनच विचारलं, कोण आहे. शेजारच्या वाडीतला माणूस होता, त्याच्या बायकोला दिवस भरले होते आणि गाडी हवी होती. पण ते मोजणं मी विसरलेले नाही. भीती वाटली की माणूस आधी आपली माणसं जवळ ओढतो, ते शिकवावं लागत नाही. मेरी आणि जेम्स आईबाप आहेत ना? मग पहिल्या दहा मिनिटांत पोरांना एका खोलीत घेऊन का बसत नाहीत? बंदूक आहे, खोल्यांना दारं आहेत. ह्या एका गोष्टीमुळे पुढचं सगळंच मला खोटं वाटायला लागलं, कारण कोणी संकटात सापडलं तर ते परिस्थितीमुळे सापडलं असं वाटतच नाही, लेखकाला तिथे पाहिजे होतं म्हणून सापडलं.

झोईच्या बॉयफ्रेंडचं तर विचारूच नका. हेन्री वयाने मोठा म्हणून जेम्सला तो पसंत नाही, तर हा पोरगा घर बंद व्हायच्या आधी आत लपून राहतो, झोईला म्हणतो मी तुझ्या बाबांशी नीट बोलणार आहे, आणि खाली येऊन सरळ बंदूक काढून जेम्सवर गोळी झाडतो. नेमकं त्याच क्षणी तो जखमी माणूस आत येतोय. जेम्स उलट गोळी मारतो, हेन्री मरतो, विषय संपला. मुलीच्या प्रियकराला बापाने घरात मारलंय, आणि ती थोडा वेळ रडते आणि पुढे ह्या गोष्टीचं ओझं कोणाच्याच अंगावर दिसत नाही. तो अख्खा धागा काढून टाकला असता तरी पिक्चरमध्ये काही फरक पडला नसता, मग ठेवला कशाला?

आणि गोळीची ती एक ट्रिक. कोणीतरी घरातल्या माणसावर वार करणार, अगदी शेवटचा क्षण, आणि धाड, मागून कोणीतरी त्यालाच मारतं. पहिल्यांदा आम्ही दचकलो. दुसऱ्यांदा कळलं. नंतर तर सुरा वर गेला की मावसभाऊ म्हणायचा आता गोळी येणार, आणि यायची.

सगळ्यात जास्त अन्याय झालाय तो त्या जखमी माणसावर. एडविन हॉजने केलाय तो रोल. काळा माणूस, बेघर, गळ्यात लष्करातल्या माणसाची ओळखपट्टी, म्हणजे ज्याने देशासाठी नोकरी केली त्यालाच श्रीमंतांची पोरं शिकारीसारखी हुडकतायत. केवढं आहे त्याच्यात! आणि त्याला ह्या पिक्चरमध्ये नावसुद्धा दिलेलं नाही, जेमतेम चार वाक्यं दिलीत. हे नवराबायको त्याला खुर्चीला बांधून बाहेर द्यायला निघतात, तो सीन पिक्चरमधला सगळ्यात हादरवणारा आहे, मेरी स्वतःच्या हातांकडे बघते तेव्हा लीना हेडीच्या डोळ्यांत जे येतं ते बघायलाच पाहिजे. पण त्याच्या बाजूने ती रात्र कशी होती हे कोणी विचारतच नाही. तिसऱ्या भागात, २०१६ मध्ये, त्याला दांते बिशप असं नाव मिळतं. आणि २०१४ चा दुसरा भाग घर सोडून लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर गेला, ते मला पटलं, कारण ही कल्पना मुळात अख्ख्या शहराची आहे.

एका घरात का अडकले ते कळतं म्हणा. बजेट ३० लाख डॉलरच्या आसपास, हॉलिवूडच्या मानाने काहीच नाही, आणि पहिल्या वीकेंडलाच अमेरिकेत ३ कोटी ४० लाख डॉलरच्या वर कमाई झाली. पण कमी पैसा ही ह्या पिक्चरची अडचण नव्हतीच. एका घरात, चार माणसांत अंगावर काटा आणता येतो, त्याला पैसा नाही, डोकं लागतं.

माझ्याकडून ५ पैकी २. एक स्टार कल्पनेला आणि ग्रेसच्या बिस्किटांना, एक वेकफील्ड आणि लीना हेडीला. भाड्याने घेऊन बघू नका, तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये फुकट असेल तर बघा, आणि बघाल तर शेवटची दहा मिनिटं सोडू नका.

कारण शेवटी शेजारी येतात. टोळीला मारतात, आणि मेरीला वाटतं वाचलो, तर ते सांगतात की तुम्हाला आम्हीच मारणार होतो. मग तो अनोळखी माणूस परत येऊन डाव उलटवतो, आणि मेरी म्हणते आज रात्री आता कोणीही मरणार नाही. जेम्स तोपर्यंत मारला गेलाय. ती, दोन्ही पोरं, तो माणूस आणि सगळे शेजारी डायनिंग टेबलाभोवती बसतात, मारायला आलेले आणि वाचलेले एकाच टेबलावर, आणि सात वाजायची वाट बघतात. कोणी बोलत नाही. पहिल्यांदाच सगळी माणसं एका खोलीत आहेत, कोण कुठे बसलंय ते आपल्याला दिसतंय, आणि त्या पूर्ण पिक्चरमध्ये पहिल्यांदाच मी श्वास धरून बसले होते. ग्रेस बंदुकीसाठी झेपावते, मेरी तिचं तोंड टेबलावर आपटते, नाकातून रक्त येतं, आणि परत सगळे गप्प बसतात. मग सायरन होतो.