‘मणका बसवून देतो’ : शिबिरात पैसे जातात कसे

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर, चोपडा-शिरपूरकडे दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, ट्रॅक्टरवाले... कंबर नि मान धरलेलं गिऱ्हाईक खान्देशात गावोगाव आहे. म्हणून लॉजच्या खोलीत, मंगल कार्यालयात ‘मणका बसवा’ शिबिरं भरतात. तपासणी फुकट.

आधी उताणं झोपवून टाचा जुळवतात. ‘बघा भाऊ, उजवा पाय आखूड, मणका सरकला.’ कंबर जरा तिरपी ठेवली किंवा एक टाच हळूच ओढली, की कोणाचाही पाय आखूड दिसतो. मग कंबरेला पीळ, झटका, ‘कट्ट’ आवाज, आणि पाय सारखे! सोबत आलेले तिथेच भुलतात. खरं मोजमाप टेपने, कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत होतं. शिवाय थोडाफार फरक धडधाकट माणसातही असतो.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरला की त्यात वायूची पोकळी होते, आवाज तिचा. म्हणून तोच सांधा वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. दोन मणक्यांमधली बाहेर आलेली गादी झटक्याने आत जात नाही. स्नायू मात्र सैल पडतात, काही तास मोकळं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच दहा-पंधरा बैठकांचं पॅकेज गळ्यात मारतात. पैसे आगाऊ, पावती नाही. साधी कंबरदुखी बहुधा सहा आठवड्यांत आपणहून कमी होते, श्रेय पॅकेजला जातं.

शिकलेले फिजिओथेरपिस्टही हाताने सांधे मोकळे करतात, पण आधी पायांची ताकद, बधिरपणा, रिफ्लेक्स (गुडघ्यावर हातोडी टेकवली की पाय आपोआप उडतो, तसली प्रतिक्रिया) तपासून, आणि जोडीला व्यायाम देऊन.

मानेचा झटका सगळ्यांत वाईट. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो. ठिसूळ हाडं, कॅन्सर, हाडाचा टीबी असेल तर कमरेलाही झटका नको. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लोंबू लागलं तर शिबिर नव्हे, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

पैसे देण्याआधी उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारा, पावतीवर तो नि बैठकांची संख्या लिहून घ्या, एका वेळी एकाच बैठकीचे पैसे द्या. आगाऊ रक्कम अडकली असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. पावती नसली तरी यूपीआयचा व्यवहार नि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका.