इरॅकचा कीटकनाशक गट-तक्ता: एका खरीप हंगामाच्या वापरानंतर

यंदा लागवडीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत कपाशीची प्रत्येक फवारणी इरॅकचा (किडी औषधांना दाद न देण्याच्या प्रश्नावर काम करणारी आंतरराष्ट्रीय समिती) तक्ता बघून ठरवली. तक्ता फुकट मिळतो. कीटकनाशक किडीच्या शरीरात नेमकं कुठे लागतं, त्यावरून त्याला गट क्रमांक दिलेला असतो.

पहिला फायदा दुकानातच झाला. तुडतुडे इमिडाक्लोप्रिडला दाद देत नाहीत म्हटलं की थायामेथोक्झाम पुढे केलं जातं, नाहीतर ॲसिफेट-इमिडाक्लोप्रिडचं तयार मिश्रण. डबे निराळे, भाव निराळे, पण तक्त्यात दोन्हीकडे ४ए, म्हणजे इमिडाक्लोप्रिडचाच गट, आहेच. बीटी बियाण्यालाही बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिड चोळलेलं असतं. म्हणजे पहिल्या पंपाआधीच किडीची त्याच्याशी ओळख झालेली! म्हणून ४ए बाजूला ठेवून तुडतुड्यांवर फ्लोनिकॅमिड (गट २९, एकरी ६० ग्रॅम) घेतलं, पुढे पांढऱ्या माशीवर डायफेन्थियुरॉन (१२ए). पानांच्या कडा लाल पडणं बरंच कमी होतं. शेजारी बिनफवारणीचा पट्टा ठेवला नव्हता, तेव्हा सगळं श्रेय तक्त्याला देत नाही.

आता उणी बाजू. तक्ता सांगतो औषध कुठे लागतं. कीड ते कसं पचवते, हे त्या क्रमांकात येत नाही. पांढऱ्या माशीत सीवायपी६सीएम१ नावाचं पी४५० विकर (शरीरात आलेली रसायनं मोडणाऱ्या विकरांपैकी एक) असतं. ते इमिडाक्लोप्रिड जागेवर पोहोचायच्या आतच त्याची मोडतोड करतं. हेच विकर पायमेट्रोझिनही मोडतं, आणि ते तर ९बी! गट बदलला, माशीला फरक पडला नाही. हिरव्या पीच माव्याची तऱ्हा आणखी वेगळी: एस्टरेज या विकराच्या जनुकाच्या प्रती वाढतात, विकराचा साठा होतो आणि ऑरगॅनोफॉस्फेट, कार्बामेट, पायरेथ्रॉइड हे कीटकनाशकांचे तिन्ही प्रकार त्यात अडकतात.

फवारणीने हे विकर तयार होत नाही. ज्या थोड्या माश्यांत ते आधीच जास्त असतं त्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच. डोस वाढवला की थोडे दिवस गुण येतो, मग तोही थांबतो. गावात ‘औषध भेसळीचं निघालं’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारी मला याच्याच वाटतात.

डब्यावर घटकाचं नाव इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागावं. ते सापडलं तरच तक्त्याचा उपयोग. पाचपैकी साडेतीन, पुढच्या हंगामात वापरणार, पण पायमेट्रोझिनपुढे पेनाने फुली मारून.