घरातली हवा गळतेय: खिडक्या बदलू, फोम मारू की फवारा?

कॅनडात जुनं डिटॅच्ड घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात हा विषय निघतो. बहुतेक जण थेट खिडक्यांचं कोटेशन मागवतात, कारण गार झोत तिथे हाताला लागतो. मी म्हणेन, थांबा जरा, आधी ब्लोअर डोअर टेस्ट, म्हणजे घरातून किती हवा गळते ते मोजणारी चाचणी, करून घ्या.

घराच्या वयावरून गळतीचा अंदाज बांधता येतो, नाही असं नाही, पण एकाच बिल्डरची शेजारशेजारची दोन घरं पण वेगळी निघतात कारण शेवटी सगळं काम करणाऱ्याच्या हातावर असतं. टेस्टमध्ये दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात, आत-बाहेर ५० पास्कलचा फरक ठेवतात आणि तासाला हवा किती वेळा बदलते ते काढतात. समजा ६ आले, तर २० ने भागा, एरवी, म्हणजे पंखा नसताना, तासाला ०.३ च्या आसपास (ढोबळ हिशोब हं, वाऱ्याच्या तोंडावरच्या घराला फार धरू नका). टेस्टमधलाच आकडा आर-२००० च्या (कॅनडातलं ऊर्जा वाचवणाऱ्या घरांचं मानक) घराला १.५ च्या आत लागतो, पॅसिव्ह हाउसला (त्याहून कडक मानक) ०.६. पंखा चालू असतानाच घरभर हात फिरवून फटी शोधा, तीच खरी कमाई.

आता खिडक्या की फोम-कॉकिंग (फटीत फोम किंवा लवचिक पेस्ट भरणं)? गरम हवा वर चढते, ॲटिकमधून (छताखालचा माळा) निसटते आणि तेवढीच गार हवा बेसमेंटमधून आत खेचली जाते, म्हणजे मोठा चोर वर आणि खाली बसलाय, खिडकीत नाही. ॲटिकमध्ये चढून थंडी अडवायला अंथरलेलं फायबरग्लास उचलून बघा, जिथे काळं पडलंय तिथून वर्षानुवर्षं हवा धूळ गाळत गेलीय. वायरींची भोकं, पाइपांभोवतीची जागा, ॲटिकचं झाकण, बेसमेंटच्या भिंतीवर लाकूड टेकतं ती कड, एवढं बुजवलं तरी फरक पडतो आणि खर्च खिडक्यांच्या मानाने किरकोळ. खिडक्या कुजल्या असतील तर बदला, फक्त हवेसाठी नको.

तिसरा पर्याय फवाऱ्याचा, घरात हवेचा दाब वाढवून सीलंटचं धुकं सोडतात, ते निसटत्या हवेबरोबर फटीत जाऊन चिकटतं. नवीन बांधकामात, फ्लोअरिंगच्या आधी, मस्तच. राहत्या घरात मात्र सगळं सामान झाका नाहीतर हलवा, शिवाय मोठी भोकं आधी हातानेच बुजवावी लागतात, त्यामुळे मला ते झेपण्यातलं वाटत नाही.

काहीही निवडा, चिमणीवाला गॅस वॉटर हीटर असेल तर सीलिंगनंतर त्याचा धूर उलटा घरात येत नाही ना हे तपासून घ्या, आणि घर चांगलंच घट्ट झालं तर एचआरव्ही (बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब राखून ताजी हवा आत आणणारं यंत्र) लागेल, ते पैसे आत्ताच बजेटमध्ये धरा.