प्लास्टिकचं गवत वाढतं, यावर मी विश्वास ठेवला

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. 4,22,600 रुपये. नव्या घरामागे 40 बाय 25 फुटांची मोकळी जागा होती, तिथे पोरांसाठी बॉक्स क्रिकेटची टर्फ, म्हणजे जाळीने वेढलेलं प्लास्टिकच्या गवताचं छोटं मैदान, करायला निघालो होतो. पदरात पडलं ते बाल्कनीत अंथरतात तसलं हिरवं जाजम आणि त्याखाली चिखल. मी पेशाने हिशेबनीस, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो. हसा.

ठेकेदाराची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. गोड बोलणं, दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचे फोटो, 'या आठवड्यात बुक करा साहेब, जुन्या रेटने देतो'. कोटेशन 4,00,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,72,000. निम्मे, 2,36,000, आगाऊ. डोळे मिटून दिले नाहीत हो. तीन कोटेशनं घेतली होती, याचं मधलं. सगळ्यात स्वस्तवाल्याला टाळलं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

आमची जमीन काळी. ठरलं होतं की नऊ इंच उकरून दगडी सोलिंग, वर मुरूम, खडी, रोलर, आणि पाणी निघून जाईल असा उतार. झालं काय, तर तीन इंच मुरूम. रोलर 'उद्या' येणार होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, हे माझ्या शेतकरी आजोबांच्या नातवाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण घरात सुतार, रंगारी, वायरमन एकाच वेळी घुसलेले, मागच्या अंगणात कोण बघतो? (गवत अंथरायच्या आधी बेसवर चार बादल्या पाणी ओतून ते निघून जातं का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.)

आता ती सकाळ. ती आठवली की अजून कानशिलं तापतात. पिकअपमधून रोल उतरले. एकावरही लेबल नाही. ठरलं होतं 50 मिमीचं गवत. त्याने दिलेला तळहाताएवढा नमुना टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो आणून रोलशेजारी धरला आणि म्हणाले, "अरे, हे तर निम्मं पण नाही." मी पोराची पट्टी लावली. 20 मिमी. आणि तो माणूस, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, म्हणाला, "अप्पा, रोलमध्ये दबलंय. पात्यांमध्ये वाळू भरली की उभं राहतं."

दबलेलं गवत उभं राहील, मान्य. पण 20 चं 50 होईल? प्लास्टिकला काय पाणी घालून वाढवायचं होतं? हे सगळं मला रात्री दोन वाजता सुचलं. सकाळी मी मान डोलावली, वर अप्पांनाच म्हणालो, "त्यांना कळतं त्यांचं काम." आणि त्याच दुपारी माल पोचल्याचे 30 टक्के, 1,41,600, पाठवून मोकळा झालो. दोन दिवसांनी पोल आणि नेटसाठी रोख 45,000. पावती? 'फायनल बिलात धरू, साहेब.'

पोल आले नाहीत. वाळू आली नाही. सांधे जॉइंटिंग टेप आणि चिकटवणीने जोडायचे असतात, याने खिळे मारले. पहिल्याच मोठ्या पावसात मधोमध तळं साचलं आणि सांधे केळीच्या सालीसारखे सुटले. फोन तोवर बंद.

नमुन्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि तो स्वतःकडे ठेवा. गाडी रिकामी व्हायच्या आधी मोजा, तेही पाठीचा थर सोडून, नुसत्या पात्यांची उंची. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि पोर्टलवर फुकट तपासता येतो. माझ्या कोटेशनवरचा 14 अक्षरांचा होता. मी, हिशेबनीस, तो पैसे गेल्यावर मोजला.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार फोटो बघून म्हणतात, "गवत तर दिसतंय की." मग साहेबांकडे. साहेब म्हणाले, काम अर्धवट आहे, म्हणजे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. मी खोटा जीएसटी क्रमांक दाखवला तर म्हणे त्याचा पत्ता शेजारच्या तालुक्यातला, तिकडे तक्रार द्या. तिकडे म्हणाले, घटना तुमच्याकडची, तिकडेच द्या. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. त्याची प्रिंट नेली. साहेबांनी प्रिंट घडी करून मला परत दिली. कर कार्यालयात गेलो तर म्हणाले, रोखीची पावती आणा. अहो, पावती दिली नाही हीच तर तक्रार! पाच चकरा, तीन अर्धे दिवस रजा, आणि हातात एका अर्जाची पोच, तीही शिक्का पुसट असलेली.

वकीलबाईंनी निदान सरळ सांगितलं की फसवणुकीच्या कलमात, भारतीय न्याय संहितेच्या 318 मध्ये, सुरुवातीपासूनच हेतू वाईट होता हे दाखवावं लागतं. म्हणून तो 14 अक्षरी क्रमांक आणि ड्रॉवरमधला नमुना जपून ठेवा म्हणाल्या. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तुमचं असं काही झालं असेल तर ठाण्याच्या बाकड्यावर महिने घालवू नका, हे आधी करा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं आहे. माझी पहिली तारीखच चौथ्या महिन्यात पडली.

परवा एका नव्या नंबरवरून त्याचा मेसेज आला. 'साहेब, बाकी 94,400 कधी देताय?' रोख 45,000 चा त्यात उल्लेख नाही.